शेंदराखालची छाप

दिग्रसच्या बाजारात सायकल दुरुस्त करणारे पुष्कळ होते, पण सायकलीचं माहेर सांगणारा एकच, डोमाजी. हँडलखालच्या उभ्या नळीवर कंपनीची पितळी पट्टी ठोकलेली असते, तिला आमच्याकडे छाप म्हणत. कोणाची सिंह छाप, कोणाची घोडा छाप. डोमाजीला इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. तो डोळे मिटून छापेवर अंगठा फिरवायचा आणि सांगायचा, ही अमक्या कारखान्याची, अन् विकली अमरावतीवाल्यानं, कारण खालचा खिळा तिरपा ठोकायची सवय त्याचीच. अकोल्यावाला दोन स्क्रू मारतो, नागपूरवाला छापेखाली आपल्या नावाची करंगळीएवढी पट्टी लावतो. बाभुळगावला एका लग्नात जावयाला विलायती सायकल कबूल केली होती. ती खरीच विलायती आहे का, हे डोमाजी येऊन सांगेपर्यंत नवरदेव बोहल्यावर चढेना. डोमाजी एस.टी.नं गेला, अंगठा फिरवला, मान हलवली, तेव्हा कुठं बँड वाजला.

आता एवढा नावाजलेला माणूस, त्याच्या पोटात एक गोष्ट दडलेली होती. पंचावन्न साली त्यानं तीन मोडक्या सायकलींची मिळून एक सायकल उभी केली. झकास झाली, पण छाप नाही. बिनछापेची सायकल बाजारात कोण घेतो? घरात केसांच्या तेलाचा एक रिकामा डबा होता, त्यावर केस मोकळे सोडलेली बाई. डोमाजीनं ती बाई कातरली, ठोकून नळीवर बसवली आणि ‘बाई छाप, विलायती’ म्हणून सायकल एका व्यापाऱ्याला विकून टाकली. डबा त्याची बायको मथुराबाई हिच्या माहेरचा होता. तिनं घर पालथं घातलं, शेवटी शेजारच्या नलूवर आळ घेतला. तेव्हापासून भिंत एक, पण दोघींमधून विस्तव जात नव्हता. आणि डोमाजी? डोमाजी गुपचूप भाकर खात होता.

पुढच्याच वर्षी, छप्पन सालच्या दसऱ्याला, तो नागपूरला गेला, दीक्षा घेतली, घरी येऊन देव नदीत सोडले. खोटं बोलणार नाही ही शपथ त्यानं घेतली, ती पाळलीही. बाई छापेबद्दल कोणी विचारलं तर म्हणायचा, तो कारखाना एकच सायकल काढून बंद पडला. खोटं आहे का यात काही? लोकच म्हणायचे, मालक लढाईत मेला असेल बिचारा. डोमाजी पंक्चर काढत राहायचा. मला तर या माणसाचा कधी कधी राग येतो.

त्रेसष्टच्या उन्हाळ्यात पंजाबराव नावाच्या कापसाच्या दलालाची सायकल हरवली. सिंह छाप, पावती त्याच्या खिशात. बाजाराच्या दिवशी त्यानं खेमसिंगची सायकल धरली आणि हीच माझी म्हणून बसला. खेमसिंग दोन कोसांवरच्या तांड्यातून रोज दुधाच्या कॅना घेऊन येई. सायकल त्यानं आठ वर्षांपूर्वी एका व्यापाऱ्याकडून घेतलेली, तो व्यापारी मेलेला, पावती नाही. चौकीतले जमादार म्हणाले, भांडता कायले, छाप पाहा.

छाप दिसेल तर पाहतील ना! खेमसिंगची बायको हंसाबाई हिनं पहिल्याच दिवशी नळीवरची मोकळ्या केसांची बाई पाहिली होती आणि याडी, म्हणजे आई, आपल्या दारी चाकावर बसून आली म्हणून हात जोडले होते. दर दसऱ्याला तेल आणि शेंदूर. आठ दसऱ्यांत नळीवर लिंबाएवढा गोळा झाला होता. पंजाबराव म्हणाला, खरवडा. हंसाबाई चौकीच्या दारात आडवी बसली. जमादारांच्या दोन पोरी लग्नाच्या होत्या, देवीशी वैर कोण घेणार? त्यांनी सायकल चौकीसमोरच्या कडुनिंबाला बांधून ठेवली.

मग काय विचारता! हंसाबाई रोज सकाळी दोन कोस चालत येऊन सायकलीची पूजा करू लागली. जमादारांना खोबरं मिळू लागलं. चौकीत येणारा माणूस आधी सायकलीच्या पाया पडू लागला. कोंबडी चोरल्याचा आरोप असलेल्या एकानं सायकलीच्या घंटीवर हात ठेवून शपथ घेतली आणि जमादारांनी त्याला सोडूनही दिलं. शेळ्या हार खातात म्हणून एक शिपाई नेमावा लागला.

शेवटी डोमाजीला बोलावणं गेलं. त्यानं लांबूनच सायकल ओळखली, मागच्या चाकाची रिम त्यानंच सरळ केलेली, ती अजून थोडी वाकडीच होती. तो म्हणाला, शेंदूर खरवडू नका, कोणाच्या श्रद्धेला हात लावू नये. घरचे देव नदीत सोडलेला माणूस हे बोलतो म्हटल्यावर अख्खा बाजार गार पडला. संध्याकाळी जेवताना मथुराबाईनं विचारलं, “आपले देव सोडताना तुमचा हात नाही थरथरला, अन् सायकलच्या देवीले एवढे काहून भेता?” डोमाजीला ठसका लागला.

चार दिवस गेले. जमादार म्हणाले, माझा इलाज नाही, पावती पंजाबरावची आहे. उद्या सायकल त्याची, आणि खेमसिंगवर चोरीचा गुन्हा. खेमसिंग कॅना डोक्यावर घेऊन पायी येत होता, अर्धं दूध वाटेतच नासत होतं. तो डोमाजीच्या दुकानासमोर येऊन उभा राहिला. “दादा, तुम्ही म्हणान ते मले कबूल. तुम्ही खोटं बोलत नाही म्हणते सगळे,” एवढं म्हणून तो निघून गेला.

त्यापेक्षा त्यानं दोन शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. दुसऱ्या दिवशी डोमाजीनं ताटाला हात लावला नाही. रॉकेलची बाटली आणि चिंधी घेऊन चौकीकडे निघाला. न जेवता कुठं चालले म्हणून मथुराबाई मागोमाग.

हंसाबाई सायकलीपुढून उठेना. डोमाजी तिच्यासमोर बसला आणि हळूच म्हणाला, “बाई, तिच्या अंगावर ओरखडा येऊ देणार नाही. मी ओळखतो तिले.” हंसाबाई बाजूला सरकली.

रॉकेलनं शेंदूर सुटू लागला, मडगार्डवरून लाल ओघळ आले. आधी केस दिसले, मग तोंड, मग खाली अर्धं कातरलेलं ‘सुगंधी’. सिंह कुठंच नव्हता. पंजाबराव वाकून वाकून पाहत होता. जमादारांनी पेन्सिल ओली केली. कंपनी कोणती, विकणारा कोण?

“कंपनी नाही साहेब,” डोमाजी म्हणाला. “मी बनवली. तीन मोडक्या सायकली अन् एक तेलाचा डबा. विकली बी मीच.”

कोणी हसलं नाही, इतका तो सगळ्यांना धक्का होता. जमादारांनी ‘बनवणार डोमाजी, विकणार डोमाजी’ असं लिहिलं आणि मुद्देमाल पुरा लिहावा लागतो म्हणून विचारलं, डबा कोणाचा? हे कोणी विचारेल असं डोमाजीला वाटलं नव्हतं. त्यानं मान खाली घातली.

“आमच्या घरचा. मथुराचा. नलूनं नाही नेला, मी नेला.”

जमादारांनी दोरी सोडली. पंजाबरावची सायकल आठवड्यानं त्याच्याच वखारीत सरकीच्या ढिगामागं सापडली, पण ते राहू द्या. लोकांना वाटलं, आता हंसाबाईची देवी गेली. हंसाबाईनं चिंधीवरचा शेंदूर बोटानं उचलला आणि बाईच्या कपाळाला लावला. “देवी का आभाळातून पडते? कोणी तं घडवतेच,” ती म्हणाली, आणि अर्धा नारळ डोमाजीच्या हातात देऊन नवऱ्याच्या मागं कॅरिअरवर बसली.

मथुराबाई घराकडे निघाली. ती पुढं, डोमाजी वीस पावलं मागं. आपलं दार मागं टाकून ती नलूच्या दारात जाऊन उभी राहिली. नलू सुपात तांदूळ निवडत होती.

“नलू, तो डबा माह्या घरच्यानं नेला होता.”

नलूनं मान वर केली नाही. “मले मालूम होतं. बाजारात सायकलीवर त्याच हप्त्यात पाह्यली होती मी ते बाई.”

“मंग आठ वर्ष सांगितलं काहून नाही?”

“सांगू कशी? तू बोलत कुठं होती माह्यासंग?”

मथुराबाई तिथंच उंबऱ्यावर बसली आणि रडायला लागली. नलूनं सूप तिच्याकडे सरकवलं, दोघी मिळून तांदूळ निवडू लागल्या. डोमाजी हातात अर्धा नारळ घेऊन रस्त्यात उभा होता, त्याला कोणी आत बोलावलं नाही.