कूलरसमोरच्या सागाच्या पट्ट्या

लाकडी इमारतींच्या नियमांबद्दल मी काही लिहावं, एवढा माझा अधिकार नाही. त्याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. नियमांची पुस्तकं इंग्रजीत. एकच कलम पुन्हा पुन्हा वाचायचो, आणि तरी समजलंच असं सांगायची हिंमत होत नसे. पण तो उन्हाळा मनातून जात नाही, म्हणून लिहितो.

घर अकोल्यात, कॉलेज अमरावतीत. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला मी एका वाचनालयाचा आराखडा घेतला होता. त्यात काँक्रीटच्या बीमऐवजी लाकडाच्या पट्ट्या एकीवर एक चिकटवून केलेल्या जाड तुळया होत्या. आमच्या सरांना विषय आवडला, पण ते म्हणाले, "साध्या लाकडाचे आपले नियम आहेत. अशा तुळयांसाठी तू जे बाहेरच्या देशांचे नियम वाचतोस, त्यातले आकडे तिथल्या पाइनचे. ते आपल्या सागाला कसे लावणार? एक छोटी तुळई करून आण. मशीनवर तोडून बघू. नाही जमलं तर विषय बदल."

विषय बदलला असता तर माझी पदवी लांबणीवर पडली असती. घरी सगळे त्या पदवीकडे डोळे लावून बसले होते.

आमच्या शेजारच्या चाचांची लाकूड कापायची आरा मशीन आहे. त्यांनी सागाच्या पट्ट्या कापून दिल्या आणि विचारलं, "इतकं करून तोडायसाठीच बनवून राहिला का बेटा?"

"हो चाचा. तुटताना लाकूड फाटलं तर पास. गोंद सुटला तर नापास."

"अजीब पढाई है," म्हणाले, आणि चहा मागवला.

पट्ट्या मी घरी ठेवल्या. अमरावतीला निघताना आईला सांगितलं, "या तडकल्या तर सगळं गेलं." मे महिना होता, आमच्याकडे तेव्हा दाराच्या फळ्यासुद्धा सुकून वाजतात.

परत आलो तर पट्ट्या खाटेवर चादर अंथरून मांडलेल्या, आणि कूलर थेट त्यांच्याकडे वळवलेला. आई सकाळ-संध्याकाळ त्यात पाणी भरत होती आणि स्वतः बाहेरच्या खोलीत झोपत होती. उन्हाळ्यात घरी पाहुणा आला की आमच्याकडे पाणी विचारायच्या आधी कूलरचं तोंड त्याच्याकडे होतं. तिनं तेच केलं होतं.

सरांकडून आणलेलं ओलावा मोजायचं यंत्र मी पट्ट्यांना लावलं. नियम सांगतो की चिकटवण्याआधी पट्ट्या पुरेशा कोरड्या हव्यात आणि सगळ्यांचा ओलावा जवळपास सारखा हवा. पुढच्या पट्ट्यांनी कूलरचं पाणी चांगलंच घेतलं होतं, मागच्यांनी कमी.

"काय झालं?" आईनं विचारलं.

"ओल्या झाल्या."

"मले काय मालूम. तूच म्हने, तडकतीन."

चाचा ऐकून हसले. "भाभी, लाकडाले शरबत नाही पाजलं हे नशीब." मग त्यांनीच शेडच्या सावलीत, मधे फटी ठेवून पट्ट्या रचल्या. आई रोज तिकडे चक्कर मारायची आणि पट्टीवर तळवा ठेवून यायची, ताप पाहतात तशी. माझा राग कधीच गेला होता. भीती मात्र होती. सबमिशन जवळ येत होतं.

यंत्राचे आकडे जुळले तेव्हा आम्ही पट्ट्या चिकटवल्या आणि शिकंज्यात आवळल्या. गोंद पक्का झाल्यावर तुळई गोणपाटात गुंडाळून बसनं अमरावतीला नेली. कंडक्टर म्हणाला, "पाळण्याची दांडी हाय का भाऊ?" मी हो म्हणालो.

लॅबची मशीन दुरुस्तीला गेली होती. तुळई ठेवून घरी आलो. फोन वाजला की आई गॅस बारीक करायची.

एका दुपारी सरांचाच फोन आला. "तुटला रे तुझा बीम."

"कुठून, सर?"

आई कूलर बंद करून दारात उभी राहिली.

"लाकडातून. गोंदाचा एकही सांधा सुटला नाही. विषय पक्का, लिहायला घे."