अण्णांची विहिरीवरची सभा

अण्णांइतका गोड चहा पिणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. बशीतला चहा मिशांना चिकटायचा, तरी म्हणायचे, "बाई, अजून चिमूटभर घाला की." आणि हाच माणूस उसाचा वैरी! माकणीच्या अलीकडं आमचं गाव. तिथल्या पाणी सोसायटीचे ते चेअरमन, आणि जिवात जीव असेपर्यंत त्यांनी तलावाच्या पाण्यावर उसाचं एक कांडं लावू दिलं नाही. चहावरून कुणी चिडवलं की हसत म्हणायचे, "साखर दुसऱ्याच्या पाण्याची असली की लई गोड लागती."

तलाव झाला तोही त्यांच्याच हट्टानं. मोठ्या दुष्काळात आमच्याकडं रोजगार हमीची कामं निघाली ती सगळी खडी फोडायची. रस्त्यांचा पत्ता नाही आणि खडीचे ढीग मात्र कंबरेएवढे. अण्णा थेट तहसीलदारांपुढं जाऊन बसले. "साहेब, खडी पिता येत न्हाय. आमाला तलाव द्या." तलाव मिळाला. त्याची माती आम्ही भीमनगरच्या बायकांनी डोक्यावरून वाहिली. मी तेव्हा नवी नवरी होते, बालवाडीची बाई अजून झाले नव्हते. त्याआधी गावविहिरीवर घागर घेऊन लांब उभं राहायचं आणि वरून कुणी पाणी वाढेल याची वाट बघायची. जळ्ळे मेले ते दिवस! तलाव भरला आणि त्याच्या पाझरानं खालची आमच्या वस्तीची विहीर जिवंत झाली.

पण तलावाच्या पाण्यावर हक्क सोसायटीचा, आणि सोसायटीत सभासद कोण, तर ज्यांना जमीन आहे ते. आम्हाला ना जमीन, ना मत. वर कुणी ऊस लावला की तलाव आटणार आणि आमची विहीर पुन्हा कोरडी पडणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

त्यात तालुक्याला साखर कारखाना आला. उसाला कर्ज घरपोच, उसाला मोटार, उसाला बेणं. ज्वारी-तुरीला कुत्रं विचारीना. रेडिओवर आपलं राज्य किती श्रीमंत ते ऐकलं की अण्णा मान हलवायचे. "श्रीमंत हाय, खोटं न्हाय. पण घरात दूध लई असून सगळं एकाच लेकराला पाजायचं, ही कुठली श्रीमंती?"

सोसायटीची वार्षिक सभा देवळात व्हायची. अण्णांनी ती उचलून आमच्या विहिरीवर आणली. नियम एकच: प्रत्येक सभासदानं आधी विहिरीत वाकून बघायचं, मग त्याच विहिरीचं तांब्याभर पाणी प्यायचं, आणि मगच ठरावाला हात वर करायचा. अहो, आमच्या विहिरीचं पाणी! पहिल्या सभेला सगळ्यांच्या माना खाली. अण्णांनी माझ्या हातून तांब्या घेतला आणि गटागटा रिकामा केला. कुणाचा घसा बसला, कुणाला घरून पिऊन आल्याचं आठवलं. त्यांचा थोरला बसवराज म्हणाला, "अण्णा, आज माझा सोमवार हाय. उपास."

"सोमवारी पाणी चालतंय की," अण्णा म्हणाले. "महादेवाच्या तर डोक्यावरच पाणी हाय."

सगळे हसले. बसवराज तेवढा हसला नाही आणि प्यायलाही नाही. तसाच मागं जाऊन उभा राहिला.

पुढं तलाव काठोकाठ भरला त्या वर्षी उसाचा ठराव आणला तो ह्याच बसवराजानं. "सगळा तालुका ऊस लावतोय, आमीच काय पाप केलंय?" अण्णांचं घर लिंगायताचं, राग आला की ते मराठी सोडून कानडीत शिरायचे. एकच शब्द आला, "साकु!" म्हणजे पुरे. अण्णांचं साकु आलं की विषय संपला हे गावाला ठाऊक होतं. साखरेला मात्र त्यांनी कधी साकु म्हटलं नाही. दोन पावसाळे कोरडे गेले तेव्हा आजूबाजूच्या गावांत टँकर फिरत होते आणि आमच्या विहिरीत पोरं वाकून आपलं तोंड बघत होती. बसवराज मात्र बापाशी धड बोलत नव्हता.

अण्णा गेले तेव्हा मी धाय मोकलून रडले. सख्खा बाप गेला तेव्हाही इतकी रडले नव्हते. चेअरमन झाला बसवराज. सोसायटीला पंख्याचं नवं ऑफिस झालेलं. सभा आता तिथं होणार आणि पहिला ठराव उसाचा, असं गावात उघड बोलत होते. तरी सभेच्या दिवशी सकाळी मी विहिरीचा कट्टा झाडून काढला, तांब्या घासून ठेवला. शेजारणी म्हणाल्या, "बाई, कशाला जीव जाळता?" मी म्हटलं, माझा कट्टा, मी झाडणार.

दुपारी बघते तर बसवराज पुढं आणि सभासद मागं, सगळे खाली वस्तीकडं येताहेत. वार सोमवार. तो कट्ट्यावर चढला आणि विहिरीत वाकला. किती वेळ वर बघेना. मग माझ्याकडं न बघताच हात पुढं केला. "बाई, पाणी द्या."

तांब्या त्यानं बापासारखाच गटागटा रिकामा केला. मागून कुणीतरी म्हणालं, "चेअरमन, उसाचं तेवढं घ्या की आता."

"साकु," बसवराज म्हणाला.

मी डोळे पुसत घरात गेले, सगळ्यांना चहा ठेवला, आणि साखर अण्णांच्या मापानं घातली.