खिडक्यांवरच्या ताडपत्र्या

“स्लाइड कुठाय?” देसाई साहेबांनी विचारलं.

स्लाइड भिंतीवरच होती. फक्त दिसत नव्हती. भर दुपार, कोळीवाड्याच्या हॉलला दोन्ही बाजूंनी सताड खिडक्या, पडद्यांचं नाव नाही आणि बाहेर रेवदंड्याचं ऊन. अशात प्रोजेक्टर लावणं म्हणजे अंगणात समई लावून ‘बघा किती उजेड पडला’ म्हणण्यासारखं.

अलिबागला माझा प्रोजेक्टर आणि साउंड भाड्याने देण्याचा धंदा आहे. लग्नं, शाळा, रिसॉर्टमधल्या मीटिंगा, सगळं करून झालंय. लोकांना वाटतं, वायर खुपसली की संपलं काम. वायर खुपसणं सोपंच असतं हो. अंधार कुठून आणायचा?

वनिताताईंना मी फोनवर कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं की कार्यक्रम संध्याकाळी ठेवा. वनिताताई म्हणजे तिथल्या कोळणींच्या बचत गटाच्या अध्यक्ष.

“सांजच्याला बोटी लागतान, नंदूभाऊ,” त्या म्हणाल्या. “मावरा सोरून कोन येल तुमचा पिक्चर बघाया?”

मासळी सोडून कोणी येणार नाही हे खरं, पण तो काही पिक्चर नव्हता. देसाई साहेबांच्या कंपनीकडून गटाला सोलर ड्रायर मिळायचा होता. ड्रायर म्हणजे मासळी वाळवायची बंद, पारदर्शक खोली. ऊन आत येतं, पाऊस येत नाही. साहेब एकदाच येणार, गटाच्या स्लाइड बघणार, पटलं तर देणार. नाही पटलं तर पुढचं गाव तयारच होतं. इथे जवळा, म्हणजे अगदी बारीक कोलंबी, उघड्यावर जमिनीवर वाळतो. वाळत आलेल्या जवळ्यावर पावसाची एक सर आली की तो वास मारतो आणि सरळ खताला जातो. म्हाताऱ्या हिराबायचं सगळं घर त्या जवळ्यावर चालतं. ती तर सकाळपासूनच पुढची सतरंजी धरून बसली होती.

लॅपटॉपने आधी नखरे केले. त्याच्या स्वतःच्या स्क्रीनवर चित्र, भिंतीवर नुसतं निळं. ‘डुप्लिकेट’ केलं, म्हणजे इथे दिसतं तेच तिथे. मग चित्र आलं, पण वर रुंद आणि खाली अरुंद, टोपलीसारखं. प्रोजेक्टर खालून वर तोंड करून ठेवला की असं होतं. कीस्टोन नावाच्या बटणाने ते सरळ करतात. केलं. एवढा खटाटोप करून हाती काय, तर पांढऱ्या भिंतीवर पांढरा डाग.

“ब्राइटनेस वाढवा,” साहेब म्हणाले.

“फुल आहे, सर.”

“मग जास्त लुमेनचा आणायचा ना!”

लुमेन म्हणजे उजेडाचं माप. सूर्याचे लुमेन कमी करायचं बटण माझ्या रिमोटला नाही, हे अगदी ओठांवर आलं होतं. गिऱ्हाईकाचे पाहुणे म्हणून गिळलं.

साहेब खिडकीशी गेले. खाली खळ्यावर, म्हणजे वाळवणाच्या अंगणात, जवळा पसरला होता आणि ज्याच्या त्याच्या जवळ्याशेजारी ताडपत्र्या घडी करून ठेवल्या होत्या. “त्या काय नुसत्या पडल्यात? लावा की इथे.”

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. हिराबाय म्हणाली, “त्या नको रं. दर्यावर आभाल धरलाय.”

“आजी, अर्ध्या तासाचं काम आहे,” साहेब हसून म्हणाले. वनिताताईंनी हिराबायला डोळ्यांनीच गप्प केलं. ड्रायरचा प्रश्न होता. आलेल्या लक्ष्मीला ताडपत्रीपायी परत पाठवणार का? बायकांनी ताडपत्र्या वर आणल्या, मी सुतळीने करकचून बांधल्या. हॉलमध्ये मस्त अंधार झाला. सुक्या मासळीचा असा वास सुटला की साहेबांनी नाकाला रुमाल लावला, पण चित्र मात्र झकास! मी मनात म्हटलं, वा नंदू, जमलं.

वनिताताई वाचायला लागल्या. तिसरी स्लाइड आली, ‘अवकाळी पावसाने होणारे नुकसान’. आणि पत्र्यावर टप टप वाजलं.

“पावस!” हिराबाय ओरडली.

क्षणात सतरंजी रिकामी. बायका खिडक्यांवर तुटून पडल्या, ताडपत्र्या ओढून खाली पळाल्या. हॉलमध्ये उजेड शिरला आणि नुकसानीची स्लाइड भिंतीवरून गेली.

“अहो, प्रेझेंटेशन चालू आहे!” साहेब म्हणाले. ते ऐकायला आता मी एकटा होतो, आणि मीही कोपऱ्यातल्या खिडकीशी झटत होतो. तिथली ताडपत्री हिराबायची होती. माझी गाठ काही केल्या सुटेना. शेवटी दातांनी तोडली. तोवर सर येऊन गेलीसुद्धा. बाकीच्यांचा जवळा बराचसा वाचला. हिराबायचा सगळा भिजला.

बायका निथळत वर आल्या. साहेबांनी सगळं खिडकीतून पाहिलं होतं. ते शिकवल्यासारखं म्हणाले, “एवढं नुकसान होतं, तर ताडपत्र्या जवळच ठेवाव्यात ना? बेसिक प्लॅनिंग आहे हे.”

हिराबाय पदर पिळत होती. पिळता पिळता म्हणाली, “ठेवताव ना, साहेब. मगाशी तितंच व्हत्या. तुमाला अंधार पायजे व्हता.”

मी प्रोजेक्टर बंद केला. बंद केल्यावरही आतला दिवा थंड व्हायला त्याचा पंखा थोडा वेळ फिरतो. तोवर मी सुतळीचे तुकडे गोळा केले. पुढच्या स्लाइड साहेबांनी मागितल्या नाहीत.

ड्रायर मंजूर झाला. उद्घाटनाला साहेबांनी भाषण केलं. गटाच्या प्रभावी प्रेझेंटेशनमुळेच हे घडलं, म्हणाले. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या, माझ्या भाड्यात टाळ्याही धरलेल्या असतात. पहिला मान हिराबायला दिला, तिचाच जवळा आधी आत गेला. भिजलेला मात्र केव्हाच खताला गेला होता.

त्या दिवसापासून मी टेम्पोत स्वतःचे जाड काळे पडदे घेऊन फिरतो. आमच्या धंद्यात लागेल ती वस्तू आपली आपण न्यावी, अंधारसुद्धा. उद्घाटनालाही ते नेले होते. खिडकीला लावत होतो, तेवढ्यात हिराबाय मागे येऊन उभी राहिली. पडद्याचं कापड तिने दोन बोटांत धरून पाहिलं.

“ह्ये कुनाच्या जवल्यावरशी काढून आनलंस रं?”