बेचाळीसचे अठ्ठावीस

आईच्या हृदयाची एक झडप अरुंद झाली आहे, हे मागच्या वर्षीच कळलं होतं. त्या वेळच्या इको तपासणीत झडपेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबातला सरासरी फरक बेचाळीस होता. डॉक्टर म्हणाले, झडप बदला. आई नाही म्हणाली. यंदा तोच आकडा अठ्ठावीस आला.

"बघ, उतरलं की नाही?" आई म्हणाली.

गावाकडे द्राक्षबाग करणारा थोरला भाऊ रिपोर्टसाठी मुद्दाम आला होता. "लय भारी! आता ऑपरेशनचं नाव नको काढू."

मला मात्र आकडा पटेना. इंदिरानगरच्या आमच्या घराचा एकच जिना चढताना आई हल्ली दोनदा थांबत होती. मी दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून ओळीने वाचले. झडपेचं तोंड तेव्हा ०.८ चौरस सेंटिमीटर, आजही तेवढंच. पण दर ठोक्याला हृदय आतलं किती रक्त पुढे ढकलतं, ते प्रमाण साठ टक्क्यांवरून पस्तीसवर आलं होतं.

"दादा, बागेतल्या ड्रिपच्या फिल्टरला दोन्ही बाजूंनी दाबाचे मीटर असतात. फिल्टर चोंदला की त्यांच्यातला फरक वाढतो ना?"

"वाढतो."

"आणि मोटरच दमली, पाणीच कमी आलं तर?"

"तर फरक कमी दिसणार. फिल्टर चोंदलेला असला तरी."

"मला मोटर म्हणू नका रे," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे डॉक्टरांकडे गेलो. शंका रास्त आहे, म्हणाले. सलाइनमधून औषध देऊन हृदयाला थोडा वेळ जोरात चालवायचं आणि पुन्हा मोजायचं. तोंड रुंदावलं तर दोष मुख्यतः हृदयाच्या स्नायूचा. तोंड तेवढंच राहून फरक चढला तर झडपेचा.

तपासणी झाली. फरक पंचेचाळीस. तोंड ०.८.

"झडपच," डॉक्टर म्हणाले.

"आणि मी नाही म्हटलं तर?" आईने विचारलं.

"हृदय आणखी दमेल, आजी. मग हा आकडा आणखी चांगला दिसेल."

आईने पदर सारखा केला. मग दादाकडे वळली.

"तुझी छाटणी कधी सुरू होणार?"

"दसऱ्यानंतर."

"मग त्याच्या आत उरकून घ्या. नाहीतर बाग सोडून माझ्या उशाशी बसशील तू."