आत्याने झोपवलेले प्रोग्राम

माझी आत्या ज्या कंपनीत होती ती लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर भरायची. खालून दिवसभर वाफ यायची, त्यामुळे भिंती कोमट आणि खिडक्यांच्या काचा कायम धुरकट. माणसं मोजकीच. ती सगळी मिळून एक ब्राउझर तयार करत होती. इंटरनेट तेव्हा नवं होतं. त्यावरची पानं म्हणजे भिंतीला चिकटवलेल्या नोटिसा, वाचायच्या आणि पुढे जायचं. मग पानाच्या आतच चालणारे छोटे प्रोग्राम आले. कुठे उड्या मारणारा चेंडू, कुठे आपण आकडे टाकले की हलणारा आलेख. साहेब म्हणाले, "आपल्याकडेही हे चाललं पाहिजे," आणि काम आत्याच्या गळ्यात पडलं.

पहिल्या दिवशी चेंडू चौकट सोडून थेट वरच्या बटणांवर उड्या मारत सुटला. सगळं ऑफिस हसून हसून बेजार झालं. आत्याही हसली आणि मान खाली घालून कामाला लागली. हळूहळू चेंडू वठणीवर आला.

आजोबा, म्हणजे आत्याचे बाबा, जन्मभर नळदुरुस्ती करत आले. त्यांचे जिवाभावाचे दोस्त शिंपीकाका लेकीकडे दुसऱ्या शहरात राहायला गेले आणि आजोबांचं बुद्धिबळ बंद पडलं. पटावरची धूळ झटकायचे आणि तसाच ठेवून द्यायचे. एका पानावर दूरच्या माणसाशी बुद्धिबळ खेळता येतं असं आत्याला कळलं. शिंपीकाकांच्या लेकीच्या ऑफिसात कॉम्प्युटर होता. शनिवारी दुपारी आत्याने आजोबांना आपल्या खुर्चीत बसवलं, माउस हातात दिला.

"हा पान्यासारखा धरायचा नाही, बाबा. सैल सोडा."

तासाभरात आजोबा रंगात आले. शिंपीकाकांचा वजीर गेला, राजा कोपऱ्यात अडकला. आयुष्यात पहिल्यांदाच आजोबा त्यांना हरवायला निघाले होते. काकांची खेळी यायला वेळ लागत होता, म्हणून तेवढ्यात आजोबांनी हवामानाचं पान उघडून पाहिलं. परत आले तर सगळ्या सोंगट्या पहिल्या जागी, नव्या डावाला तयार.

"अगं, माझा घोडा कुठे गेला?"

एवढ्यात फोन वाजला. पलीकडे शिंपीकाका. "काय रे, इथे लिहून आलंय की समोरचा खेळाडू उठून गेला. घाबरलास वाटतं?"

आजोबांचा चेहरा पडला. "मी जिंकत होतो रे," एवढंच म्हणाले आणि फोन ठेवून टोपी शोधू लागले.

आत्याला चूक कळली. वाचणाऱ्याने पान बदललं की तिचा ब्राउझर तिथला प्रोग्राम मारून टाकायचा. तसं ठरलंच होतं. सोमवारी ती साहेबांच्या टेबलापाशी गेली.

"मारला नाही तर मशीनची मेमरी भरते," साहेब म्हणाले.

"पण माणूस कायमचा जात नाही ना, साहेब. जरा डोकावून येतो. तेवढ्यात आपण त्याचा संसारच मोडतो."

"आणि त्याने ढीगभर पानं उघडली तर?"

"सगळ्यात जुना प्रोग्राम काढून टाकू. बाकीचे झोपवून ठेवू. माणूस परत आला की उठवायचे."

साहेबांनी हनुवटी खाजवली. "करून दाखव."

करणं सोपं नव्हतं. एक गाणारा प्रोग्राम झोपवला तरी गातच राहिला. बंद केलेल्या पानातून सूर येतोय हे कुणाच्या लक्षात येईना. दोघंजण लाँड्रीत जाऊन रेडिओ बंद करा म्हणून सांगून आले. त्यांच्याकडे रेडिओच नव्हता. पण शेवटी सगळे प्रोग्राम मुकाट झोपायला लागले.

आत्याने पुन्हा दोघा म्हाताऱ्यांना आपापल्या कॉम्प्युटरपुढे बसवलं. जुना डाव मांडायचा तर घोडा कुठे होता यावरूनच फोनवर जुंपली. दोघांच्या आठवणीत दोन वेगळे पट. शेवटी नवा डाव सुरू झाला. मधेच आजोबांनी मुद्दाम हवामान पाहिलं, एक बातमीही वाचली आणि परतले. प्यादं न प्यादं जागेवर होतं.

"आहे गं सगळं," ते म्हणाले. आत्याने मागे उभ्या उभ्याच मोठा श्वास सोडला. साहेब दारातून बघत होते. "ठेवू या हे," असं म्हणून ते आत गेले.

तो डाव आजोबा सपशेल हरले. वजीर कुठे फसला ते त्यांनी आत्याला घरी पोचेपर्यंत समजावलं. पुढचा शनिवार त्यांनी फोनवर आधीच ठरवून टाकला होता, आत्याला न विचारता.