आज एकोणिसावा दिवस

दिवाकरला प्रिस्का पहिल्यांदा जाणवली ती वासाने. कचेरीतल्या दाखल्यांच्या टेबलावरून मान वर न करताच तो म्हणाला, "मासळीवाली ना? बाहेर उभी राहा. तिथूनच बोल."

पाचूबंदर कोळीवाड्यातली प्रिस्का व्हरांड्यात गेली आणि खिडकीच्या गजांतून बोलली. आई वारली होती. घराला वारस म्हणून प्रिस्काचं नाव लागायचं होतं. नाव लागेपर्यंत छप्पर बदलायची परवानगी नव्हती, आणि छप्पर थेट चुलीवर गळत होतं. दिवाकरने अर्ज ड्रॉवरमध्ये सरकवला. "मंगळवारी ये. येताना सुके बोंबील आण."

असे चार वर्षं मंगळवार झाले. बोंबील पोचत राहिले, अर्ज तीनदा गहाळ झाला. बोंबलांचं प्रिस्काला काही वाटलं नाही. 'बाहेर उभी राहा' हे मात्र तिने जपून ठेवलं.

मग कचेरीतला कागद बंद झाला. अर्ज संगणकावर, सहीसुद्धा डिजिटल. प्रिस्काच्या लेकीने, मेलिसाने, फोनवरून नवा अर्ज भरला. दिवाकरला वाटलं, ड्रॉवर लावला की कागद दिसत नाही, तसंच हेही असणार. त्याने तो अर्ज उघडलाच नाही.

"कोनाकडं हाय गो?" नवव्या दिवशी प्रिस्काने विचारलं.

"दिवाकर साहेबांकडे. हे बघ, फोनवर नाव आहे. किती दिवस थांबलाय तेही आहे."

प्रिस्का बऱ्याच दिवसांनी पोटभर हसली.

दिवाकर एव्हरशाईन सोसायटीत राहायचा, आणि तिथे प्रिस्काची मासळीची पाटी वीस वर्षं फिरत होती. त्याची बायको द्वारका तिचं जुनं गिऱ्हाईक. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या इमारतीखाली आरोळी उठली, "मांदेलीऽऽ, बोंबीऽऽल! दिवाकर साहेबांकडं माझा अर्जऽऽ, आज दहावा दिवस!"

अकरावा झाला. बारावा झाला. चौदाव्याला शेजारीपाजारी गॅलरीत येऊन विचारू लागले, "प्रिस्का, आज कितवा?"

"अगं, हे काय ओरडतेस?" द्वारका खाली धावत आली.

"ताजं ते ताजं म्हणून ओरडते वहिनी, शिळं ते शिळं म्हणून."

एकोणिसाव्या दिवशी दिवाकर स्वतः गॅलरीत आला. "हळू बोल ना जरा! वर ये, बसून बोलू."

"नको साहेब. मासळीचा वास येतो. मला भायेरूनच बोलायची सवय लावलीत तुमी, आन् भायेरून बोलायचं तर मोट्यानंच बोलायला लागतं!"

समोरच्या इमारतीतही कुणीतरी खो खो हसलं.

त्या दिवशी कचेरी उघडल्यावर चौथ्या मिनिटाला सही झाली. वेळ दाखल्यावरच छापली होती. प्रिस्काने ती मेलिसाकडून दोनदा वाचून घेतली.

पुढच्या मंगळवारी दिवाकर पिशवी घेऊन खाली आला. "झालं ना तुझं काम? दे थोडे बोंबील. पैसे देतो."

"संपले," प्रिस्का म्हणाली. पाटी भरलेली होती, आणि तिने ती झाकलीही नाही.

आता छप्पर नवं आहे. प्रिस्का रोज सकाळी त्या इमारतीखाली पाटी उतरवते. द्वारकावहिनींना मांदेली देते, कोळंबी देते. बोंबील देत नाही.