विषयाची ओळ

उंद्रीच्या बाजारात माझं ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे, अन् कित्येक वर्षं लोकांचे अर्ज लिहून लिहून मी पार कंटाळलोय. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, रेशनकार्डातलं नाव. प्रति, विषय, महोदय. झोपेतून उठवलं तरी लिहीन.

जवळच्या आरोग्य केंद्रातल्या सिस्टर एका दुपारी आल्या अन् दुकान रिकामं होईपर्यंत बाकावर बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "भाऊ, साहेबाची तक्रार कराची हाये. पण कोणाले समजलं तं माही नोकरी खाईन तो." साहेब म्हणजे तिथले डॉक्टर. ते काय करत होते हे सिस्टरनं मान खाली घालून सांगितलं. ते मी इथं लिहीत नाही. शहरातली एक महिला समिती अशा तक्रारी ऐकायची, पण साधा मेल नको म्हणायची. कुलूपबंद पाठवा, म्हणजे फक्त आम्हीच उघडू.

आता हे कुलूपबंद प्रकरण ज्यानं बनवलं, त्याला एकदा माझ्या दुकानात बसवलं पाहिजे, समोर दहा माणसं अन् लाईट गेलेली! दोन किल्ल्या म्हणे. एक सगळ्यांना वाटायची. तिनं लोक आपल्याला लिहिलेलं बंद करणार. दुसरी जिवापाड जपायची; तिनं आपण उघडायचं. समितीची वाटायची किल्ली त्यांच्या वेबसाइटवर होती. सिस्टरची जोडी मी बनवली, त्यात तीन दुपारी गेल्या. पडद्यावरचा एकेक प्रश्न असा, की हो म्हटलं तरी भीती, नाही म्हटलं तरी भीती. सिस्टर विचारायच्या, "इतकं अवघड काऊन केलं जी हे?" मी काय सांगणार, कपाळ माझं!

त्यांचा मेल केंद्रातल्या कॉम्प्युटरवर कायम उघडा असायचा, कारण रोजचे रिपोर्ट तिथूनच जायचे. हे त्यांनी मला सांगितलं होतं. मी म्हणालो, "असू द्या ना सिस्टर. पाह्यलं तरी कोणाच्या बापाले वाचता येत नाही." मोठ्या तोऱ्यात म्हणालो.

मग मजकूर नीट कुलूपबंद केला, अन् हात बसलेला, त्यामुळं वरच्या जागेत लिहिलं : वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या गैरवर्तनाबाबत तक्रार अर्ज. विषय नसलेला अर्ज आमच्याकडे टेबलावरूनच परत येतो. विषयाची जागा रिकामी दिसली की मी भरतो. त्या ओळीला कुलूप लागत नाही हे मला माहीत नव्हतं. नको ते शंभर प्रश्न विचारले त्या मशीननं, एवढं सोडून!

दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्रातल्या बाबूनं रिपोर्ट पाठवायला मेल उघडला, तर पाठवलेल्या मेलांत सगळ्यात वर तीच ओळ. आतली अक्षरं त्याला कळली नाहीत, कळायची गरजही नव्हती. दुपारपर्यंत साहेबाला समजलं, संध्याकाळपर्यंत सिस्टरच्या नवऱ्याला. चौथ्या दिवशी सिस्टरनं साहेबासमोर उभं राहून, स्वतःच्या हातानं, तक्रार खोटी होती असं लिहून दिलं.

लोकांपुढं मी मशीनला शिव्या देतो. पण ती ओळ मी लिहिली, अन् मला तिची लाज वाटते.

महिन्याभरानं समितीचं उत्तर आलं, तेही कुलूपबंद. सिस्टर ड्युटीआधी सकाळीच दुकानात आल्या, किल्लीचा पेनड्राइव्ह पर्समधून काढून दिला. उघडायला अर्धा तास लागला. आत दोनच वाक्यं होती. तक्रार मिळाली. आपल्या सुरक्षिततेसाठी यापुढे विषयाची जागा रिकामी ठेवावी.

सिस्टर रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "भाऊ, हे त्यायनं आधी सांगाले पाह्यजे होतं ना. अन् कुलूप न लावता."

मी पेनड्राइव्ह काढून त्यांना परत दिला. त्यांनी घड्याळ पाहिलं अन् पर्स उचलली. साडेनऊच्या आत हजेरीवर सही करायची होती, अन् हजेरीचं रजिस्टर साहेबाच्याच टेबलावर असायचं.